सरस्वती महालाचे नियतकालिक आणि पाच भाषांचे नाटक

तंजावरला तमिळ विद्यापीठ स्थापन झाले ते १९८१ साली. विद्यापीठाच्या वाङ्मयीन पत्रिकेकडून जे काम अपेक्षित असते, ते तेथील सरस्वती महाल ग्रंथालयाचे नियतकालिक १९३९ पासून करीत आले आहे. अप्रकाशित छोटे ग्रंथ हस्तलिखितांवरून छापणे हे त्यातले महत्त्वाचे काम. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी असे भाषावार विभाग त्यात असतात. ज्याने त्याने आपला विभाग उघडावा, ही सोय चांगली आहे. आक्षेप आहे तो या सोयीवरच.

शहाजीराजांचे (राज्यकाल १६८४ ते १७१२) ‘पंचभाषाविलास’ हे नाटक घ्या. त्यात निरनिराळ्या प्रदेशांच्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात. तमिळ, तेलुगू, मराठी, हिंदी आणि संस्कृत एकाच रंगभूमीवर येतात. हे नाटक कोणत्या विभागात घालायचे? मराठी विभागात घातले तर तमिळचा विद्यार्थी ते पान उलटणार नाही. पाच तुकडे केले तर नाटकच उरत नाही, कारण त्याची गंमत भाषांच्या शेजारात आहे.

मराठी वाङ्मयेतिहासानेही वेगळे केले नाही. विष्णुदास भावे यांचे सांगलीतले १८४३ चे ‘सीतास्वयंवर’ पहिले, की शहाजीराजांचे ‘लक्ष्मीनारायणकल्याण’? हा वाद विद्यार्थ्यांना पाठ असतो. (परीक्षेतही तोच विचारतात!) पण तंजावरी नाटकाचे सख्खे नाते सांगलीशी नसून तेलुगू यक्षगानाशी आहे: सूत्रधार, राग-ताल नेमून दिलेली पदे, पात्रप्रवेशाची गाणी. तेलुगूकडे पाठ फिरवून केलेले त्याचे वाचन अर्धेच राहते.

कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या गावांनी असे विभाग पाडले नाहीत. मेलट्टूर या तमिळ मुलखातल्या गावी नरसिंह जयंतीच्या सुमारास भागवतमेळ्याची तेलुगू नाटके आजही होतात. मराठी कीर्तनकारांची साकी-दिंडी तंजावर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी तमिळ हरिकथेत रुजवली. श्रोत्यांना ती परकी वाटली नाही.

नियतकालिकाने संहिता वाचवल्या, याचे ऋण मोठे आहे. मात्र संहितेबरोबर पदांचे राग, तिच्या शेजारच्या भाषेतली समांतर रचना आणि दोन्हींवर एकत्र लिहिलेली टीका छापली, तर मराठीच्या वाचकाला तेलुगूचे पान उघडावेच लागेल. ‘पंचभाषाविलास’ हाती घेताना सोबत तेलुगू आणि तमिळ जाणणारा एकेक वर्गमित्र बसवा, आणि ते मोठ्याने वाचा.