फोटोतलं गाव : मुंबईतल्या सुरुवातीच्या छायाचित्रांविषयी

(ढाणकी येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आमच्या घरी आजीचा एक फोटो आहे. आजी खुर्चीवर ताठ बसलेली, नऊवारी नेसलेली. पाठीमागे तळं, तळ्यात हंस आणि काठावर दुमजली बंगला. आता आजीनं जन्मात हंस पाहिला नव्हता. तो उमरखेडच्या बाजारात बसणाऱ्या फोटोवाल्याचा रंगवलेला पडदा होता. लहानपणी मी तिला विचारलं, "आजी, हे कोणतं गाव?" ती म्हणाली, "बापू, ते फोटोतलं गाव आहे." (हशा)

आज मला त्या फोटोतल्या गावाविषयीच बोलायचं आहे. कारण महाराष्ट्राच्या नावानं निघालेल्या अगदी सुरुवातीच्या फोटो-पुस्तकांपैकी एकात हाच प्रकार आहे. फरक इतकाच, की आजीचा पडदा सगळ्यांना पडदा म्हणून दिसतो. त्या पुस्तकातला तसा दिसू नये अशी सोय केलेली आहे.

आधी शोधाची थोडी उजळणी करू. १८३९ साली पॅरिसमध्ये लुई दागेरची पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायचं. ते फार बारीक आणि सुंदर असे, पण एकच. त्याची दुसरी प्रत काढता येत नसे. त्याच काळात इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यांनी कागदाची निगेटिव्ह केली. मग १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी काचेवर कलोडियन लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. काम कटकटीचं होतं, पण निगेटिव्ह स्पष्ट मिळे आणि तिच्यावरून हव्या तितक्या प्रती निघत.

आता इथे जरा थांबा. शाळेत आपण हा इतिहास प्रगतीचा म्हणून शिकतो, आणि ती प्रगती आहेच. पण ज्या निगेटिव्हमुळे फोटोच्या अनेक प्रती निघू लागल्या, तिच्यामुळेच दोन फोटोंचा एक फोटो करणंही सोपं झालं. प्रत काढण्याची सोय आणि जोडकामाची सोय एकाच दारानं आत आली.

हे तंत्र मुंबईत फार लवकर पोचलं. १८५४ मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नामवंत छायाचित्रकार झाले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी सोसायटीच्या कार्यकारिणीवर होते. म्हणजे कॅमेऱ्यामागे फक्त साहेबच उभा होता, असं समजू नका.

याच सोसायटीच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी एक विल्यम जॉन्सन. त्यानं विल्यम हेंडरसनबरोबर १८५६ ते १८५८ या काळात मुंबईत फोटोंचा एक मासिक अल्बम काढला. त्यात इथल्या लोकांचे, त्यांच्या पेहरावांचे फोटो होते. नंतर जॉन्सननं लंडनहून दोन खंड प्रसिद्ध केले : 'द ओरिएंटल रेसेस अँड ट्राइब्स, रेसिडेंट्स अँड व्हिजिटर्स ऑफ बॉम्बे'. पहिला १८६३ चा, गुजरात-कच्छ-काठेवाडचा. दुसरा १८६६ चा, महाराष्ट्राचा.

या खंडांत त्यानं अल्बममधलेच कित्येक फोटो पुन्हा वापरले. माणसं तीच, पण आता ती उघड्यावर उभी आहेत. मागे मुंबई परिसरातली इमारत किंवा देखावा. खोलीत काढलेल्या माणसांच्या आकृती कापून दुसऱ्या फोटोवर बसवल्या आहेत. नीट पाहिलं की कळतं : अंगावरचा उजेड एका बाजूचा, देखाव्यावरचा दुसऱ्या बाजूचा. पाय जमिनीवर टेकल्यासारखे वाटत नाहीत.

आता कुणी म्हणेल, ही त्या काळची रीतच होती. बरोबर आहे. इंग्लंडमध्ये ऑस्कर रेलँडरनं १८५७ साली तीसेक निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं चित्र केलं होतं. म्हणून जोडकामाबद्दल मी जॉन्सनला दोष देत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. रेलँडरनं आपलं काम चित्र म्हणून मांडलं. जॉन्सननं माहिती म्हणून मांडलं. प्रत्येक फोटोसोबत मजकूर आहे : ही अमुक जात, त्यांचा धंदा असा, चालीरीती अशा. लंडनच्या वाचकाला वाटणार, हे लोक असेच, इथेच उभे असतात. आणि बहुतेक फोटोंखाली जातीचं नाव आहे, माणसाचं नाही. माझ्या मते पार्श्वभूमी चिकटवण्यापेक्षा हे चिकटवणं जास्त गंभीर आहे. देखाव्याची कड कधीतरी दिसते. जातीच्या लेबलाची कड दिसत नाही.

मग हे पुस्तक टाकून द्यायचं का? मुळीच नाही. जॉन्सनला मागचा देखावा बदलता आला, पण काचेवर जे आधीच उमटलं होतं ते त्याच्या हातात नव्हतं. लुगड्याची नेसण, पागोट्याचा पीळ, दागिन्यांची घडण, हलू नये म्हणून आवरून धरलेला चेहरा. हे सगळं कुणा खऱ्या माणसाचं आहे. जुना फोटो वाचताना ही दोन खाती वेगळी ठेवावी लागतात : काय उमटलं आणि काय चिकटवलं. "फोटो खोटं बोलत नाही" म्हणणारा पहिलंच खातं पाहतो. "सगळे फोटो खोटे" म्हणणारा दुसरंच. दोघांचाही हिशेब अर्धा.

आणि हे फक्त साहेबाच्या पुस्तकापुरतं नाही. आपल्याकडे तांड्यावर जाऊन आरशांच्या चोळीतल्या बाईचा फोटो काढतात आणि खाली 'बंजारा स्त्री' एवढंच लिहितात. काढणारा आपल्यातलाच असतो. तिचं नाव विचारायला कितीसा वेळ लागतो?

आजीच्या फोटोमागे काहीच लिहिलेलं नव्हतं. आमच्यानंतर घरात कुणी ओळखणारं उरलं नाही, तर तीही 'एक वऱ्हाडी स्त्री' होऊन बसेल. म्हणून मागच्या दिवाळीत मी फोटो चौकटीतून काढला आणि मागे पेन्सिलीनं तिचं पूर्ण नाव, माहेर, सासर लिहिलं. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली : पडदा फोटोवाल्याचा, लुगडं तिचं स्वतःचं.