मालिका आपलेच नियम विसरते तेव्हा

'ड्रॅगन बॉल झी'मध्ये नायक गोकू आणि खलनायक सेल यांची लढाई रंगात आलेली असते. सेलने त्याआधी गावंच्या गावं गिळलेली आहेत आणि आता अख्खी पृथ्वी पणाला लागली आहे. अशा वेळी गोकू मध्येच हार मान्य करतो आणि आपल्या जागी कोवळ्या वयाच्या गोहानला, पोटच्या पोराला, पुढे करतो. इथवर एक वेळ समजून घेता येतं. पण त्यानंतर तो एक सेनझू बी सेलकडे फेकतो. ही बी खाल्ली की जखमा भरून येतात आणि गेलेली ताकद परत येते. दमलेल्या शत्रूला ताजातवाना करायचं आणि मग मुलाच्या अंगावर सोडायचं, का, तर लढत बरोबरीची व्हावी म्हणून. ज्यांचं बालपण या मालिकेवर गेलं, ते आज मोठे होऊनही या एका बीवरून हमरीतुमरीवर येतात.

गोकूचं हे वागणं अविचाराचं आहे यात शंका नाही. कथेतली चूक मात्र ती नाही. पहिल्या भागापासून हा माणूस लढण्याच्या नशेत जगतो आणि बाकीच्यांनाही तीच नशा असणार असं धरून चालतो. मुलगा वेगळ्या मातीचा आहे, त्याला लढणं आवडत नाही, हे बापाच्या ध्यानातच आलेलं नाही. लेखकाने हे जाणूनबुजून रचलंय याचा पुरावा लगेच मिळतो. गोहानचा गुरू पिकोलो गोकूला तिथल्या तिथे फैलावर घेतो. तुझा मुलगा आत्ता लढाईचा विचार करत नाहीये, आपला बाप आपल्याला मरू का देतोय याचा विचार करतोय, असं तो सुनावतो. गोकूचा चेहरा पडतो. पुढे या साऱ्याची किंमत त्याला जीव देऊन चुकवावी लागते.

पात्राने मूर्खपणा करावा. त्याचं मूळ त्याच्या स्वभावात असावं, कुणीतरी त्याला जाब विचारावा आणि परिणाम कुणाच्या तरी अंगावर यावेत. एवढं झालं की प्रेक्षक कितीही चिडला, तरी कथा तुटत नाही. ती तुटते लेखकाच्या सोयीसाठी पात्राची अक्कल गहाण पडते तेव्हा. टीव्हीवरच्या ॲनिमेशन मालिकांमध्ये हे इतक्या सर्रास होतं की अनेक पालक 'कार्टूनच तर आहे' म्हणून ते सोडून देतात. मुलं सोडत नाहीत.

'छोटा भीम'चंच पाहा. राजीव चिलका यांच्या हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीची ही मालिका 2008 साली पोगोवर सुरू झाली आणि हिंदीत असूनही महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली. संकट येतं, भीम भिडतो, मार खातो, कोसळतो. मग त्याची मैत्रीण चुटकी लाडू फेकते, तो खाऊन भीमच्या अंगात बळ संचारतं आणि शत्रू आडवा होतो. यावर कुठलंही पाच-सहा वर्षांचं मूल विचारतं, की लाडूने ताकद येते हे माहीत आहे, तर भीम घरूनच खाऊन का निघत नाही? 'मोटू पतलू'मधल्या समोशालाही हाच प्रश्न लागू पडतो. पाश्चात्त्य मुलांनी पूर्वी पॉपायच्या पालकाच्या भाजीबद्दल तो विचारला असणार. उत्तर द्यायला फार काही लागत नाही. लाडवाचा जोर क्षणभरच टिकतो, किंवा पोट भरलेलं असलं की तो चढत नाही, असा एखादा नियम एका भागात सांगून पुढे इमानाने पाळला तरी काम झालं. भीमच्या ढोलकपूरचा राजा इंद्रवर्मा सैन्य बाळगून असतो आणि दरोडेखोर आले की एका लहान मुलाला बोलावणं धाडतो, हे मूल खुशीने मान्य करतं. बालनायकाच्या गोष्टीचा तो करारच आहे. त्याला खटकतं ते नायकाने मागच्या आठवड्यातला अनुभव विसरणं.

अद्भुत गोष्टीला तर्काची मोजपट्टी लावू नये, असं यावर सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. चक जोन्स या दिग्दर्शकाने 1989 सालच्या आपल्या आत्मचरित्रात रोडरनर आणि कोयोटी यांच्या कार्टूनपटांचे नियम दिले आहेत. रोडरनर कोयोटीला स्वतः इजा करत नाही, कोयोटीचा घात त्याच्या स्वतःच्या वेंधळेपणाने किंवा ॲक्मे कंपनीच्या मालाने होतो, आणि शक्य तिथे गुरुत्वाकर्षण हाच त्याचा सर्वांत मोठा वैरी असतो. हे चित्रपट लिहिणारा मायकेल मॉल्टीज म्हणाला होता, की असले नियम आपण कधी ऐकलेच नव्हते. ते कागदावर असोत-नसोत, पडद्यावर बहुतेक वेळा पाळलेले दिसतात. कोयोटी कड्याच्या पुढे हवेत चालत जातो आणि खाली पाहिल्यावरच पडतो. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे अशक्य असलं, तरी त्या जगाच्या आत ते पक्कं आहे. पाया न दाखवता उंच इमारत उभी करायची मुभा ॲनिमेशनला आहे, पण चौथ्या मजल्यावर चढलेल्या माणसाला पाचव्या मजल्याचा जिना सापडलाच पाहिजे.

'डोरेमॉन' या कसोटीवर आश्चर्य वाटावं इतकी टिकते. फुजिको एफ. फुजिओ यांच्या चित्रकथेत नोबिताचा भविष्यातला वंशज सेवाशी डोरेमॉनला भूतकाळात पाठवतो. नोबिताचं लग्न जियानच्या बहिणीशी होणार आहे, ते टळून शिझुकाशी व्हावं, हा त्यामागचा एक हेतू. यातली अडचण शाळकरी मुलालाही दिसते. पूर्वजच बदलले तर सेवाशी जन्मेल कसा? लेखकाने ही अडचण झाकून ठेवलेली नाही. ती त्याने पहिल्याच प्रकरणात आणि तीही परीक्षेत शून्य मिळवणाऱ्या नोबिताच्या तोंडून विचारली आहे. सेवाशीचं उत्तर असं, की तोक्योहून ओसाकाला जायला अनेक वाहनं आहेत, कुठलंही पकडलं तरी माणूस पोचतो ओसाकालाच. शास्त्राच्या कसोटीवर हे लंगडं आहे. तरी वाचकाचा प्रश्न वाचकाच्या आधी विचारण्याचा प्रामाणिकपणा त्यात आहे, आणि तेवढ्यावर ही कथा पन्नासहून अधिक वर्षं उभी आहे. कुठेही नेणारा दरवाजा घरात असताना नोबिताला शाळेत उशीर होतो, कारण तो झोपाळू आहे. डोरेमॉनने दिलेलं प्रत्येक यंत्र त्याच्याच अंगावर उलटतं, कारण तो हावरट आहे. त्याचा वेडेपणा दर आठवड्याला तोच असतो आणि दर आठवड्याला पटतो.

'पोकेमॉन'ची गोष्ट वेगळी आणि दुखावणारी आहे. 2010 साली सिनो लीगमध्ये नायक ॲशच्या पिकाचूने लॅटिओससारख्या दुर्मीळ, बलाढ्य पोकेमॉनशी बरोबरी साधली. त्याच वर्षी नवं पर्व सुरू झालं, ॲश युनोव्हाला पोचला आणि तिथे त्याच पिकाचूला नवशिक्या ट्रिपच्या स्नायव्हीने हरवलं. स्नायव्ही म्हणजे प्रवासाला निघणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी मिळणाऱ्या पोकेमॉनांपैकी एक. झेक्रोम या पोकेमॉनच्या विजेमुळे पिकाचूची वीज बंद पडली होती, असा खुलासा मालिकेने ठेवला आहे. वीज गेली हे मान्य करू. वेग कुठे गेला? इतक्या वर्षांचं डावपेचांचं शहाणपण कुठे गेलं? ॲश तर कालच घर सोडल्यासारखा वागतो. याचं कारण कथेबाहेर आहे. व्हिडिओ गेमची नवी पिढी बाजारात आली की मालिका नव्या प्रदेशात जाते आणि नव्या, लहान प्रेक्षकासाठी नायकाला पुन्हा पहिलीत बसवते. 1997 पासून दहा वर्षांचाच राहिलेला हा मुलगा अखेर 2022 मध्ये जगज्जेता झाला. त्या विजयाने मोठमोठी माणसं गहिवरली. मधल्या काळात त्याची कमाई किती वेळा पुसली गेली, हे ठाऊक असल्यानेच ती गहिवरली.

तर्काचा सर्वांत त्रासदायक घोळ मात्र 'मिरॅक्युलस'मध्ये सापडतो. थॉमस अस्ट्रुक यांची ही फ्रेंच मालिका 2015 मध्ये आली. पॅरिसमधली मॅरिनेट लेडीबग होते, तिचा वर्गमित्र एड्रियन कॅट न्वार होतो, दोघं खांद्याला खांदा लावून लढतात आणि एकमेकांना ओळखत नाहीत. डोळ्यांपुरत्या मुखवट्याने ओळख लपते, ही तक्रार इथे गौण आहे. दूरदर्शनवर 'ही-मॅन' पाहिलेल्या पिढीला तर राजपुत्र ॲडम मुखवट्याशिवाय, नुसत्या कपड्यांवर खपवून घ्यायची सवय होती. अशी सवलत प्रेक्षक आनंदाने देतो.

खरा प्रश्न मॅरिनेटच्या डोक्याचा आहे. खलनायक हॉक मॉथ हा एड्रियनचा बाप गॅब्रिएल आहे. 2017 च्या 'द कलेक्टर' या भागात मॅरिनेटला त्याचा अचूक संशय येतो. तो हटवण्यासाठी गॅब्रिएल स्वतःलाच आपल्या जादूचा बळी बनवतो आणि ती फसते. डाव उत्तम आहे, फसणंही पटतं. पण पुढे भागांमागून भाग जातात, नवनवे धागे हाती येतात, तरी ही हुशार, हिशेबी मुलगी त्या संशयाकडे वळून पाहत नाही. इतर प्रत्येक लढाईत तिची बुद्धी एखादा चमचा, एखादी दोरी, एखादं फाटकं छत्र पाहून तीन पावलं पुढची योजना आखते. हॉक मॉथचा विषय निघाला की तीच बुद्धी संपावर जाते. स्वभाव असा एकाच जागी बंद पडत नाही. तिथे लेखकाचा हात दिसतो.

चौथ्या पर्वात ती आपलं गुपित मैत्रीण आल्याला सांगते आणि ज्याच्या भरवशावर रोज जीव टांगते त्या जोडीदाराला मात्र अंधारात ठेवते. यातून निदान भांडण निघतं, दुरावा येतो, म्हणजे कथेला त्याची जाणीव आहे. पाचव्या पर्वाचा शेवट मात्र पचत नाही. अंतिम लढाईत कॅट न्वार नाही. स्वतःच्या बापाशी दोन हात करण्याची, ज्या क्षणासाठी मालिका इतकी वर्षं चालली तो क्षण जगण्याची संधी एड्रियनला मिळतच नाही. बाप मरतो, पॅरिस त्याला वीर मानतं, आणि मॅरिनेट सत्य एड्रियनपासून दडवते. प्रेमापोटी खोटं बोलणारी नायिका चालते. पण खोटेपणाने होणारं नुकसान हा या मालिकेचा वर्षानुवर्षांचा विषय होता. त्यानंतर असं खोटं जवळपास भेट म्हणून सादर होतं, तेव्हा प्रेक्षकाचा रोष पूर्ण न्याय्य ठरतो.

अशा चुकांचा सारा दोष लेखकांच्या आळसावर ढकलणं अन्यायाचं होईल. साप्ताहिकातली चित्रकथा आणि तिच्यावर बेतलेली टीव्ही मालिका एकाच वेळी चालतात तेव्हा मालिका कथेच्या शेपटीला जाऊन भिडते आणि वेळ काढावा लागतो. 'ड्रॅगन बॉल झी'त नामेक ग्रह पाच मिनिटांत फुटणार असं खलनायक फ्रीझा सांगतो आणि ती पाच मिनिटं नऊ-दहा भाग पुरतात, ती यामुळे. या कथेचे लेखक अकिरा तोरियामा यांनी तर लाँच नावाचं एक ठळक पात्रच कथेतून गायब केलं आणि नंतर सरळ कबूल केलं, की आपण तिला विसरून गेलो.

'लेजंड ऑफ कोरा'चं दुखणं निराळं. मुळात बारा भागांची एकच छोटी मालिका ठरली होती. त्यामुळे पहिलं पर्व स्वतःत पूर्ण व्हायला हवं होतं. शेवटच्या भागात कोराची जल, अग्नी आणि पृथ्वीवरची हुकमत हिरावली जाते. ती कड्यावर उभी राहून रडते, आणि काही मिनिटांत तिच्या आधीचा अवतार आंग प्रकट होऊन सगळं परत देतो. या घावातून एक अख्खं पर्व निघालं असतं. पुढची पर्वं मंजूर झाली, पण तोवर जखम बुजवून टाकलेली होती. चौथ्या पर्वात निकेलोडियनने खर्च कापला, तेव्हा सहकाऱ्यांना कामावरून काढण्यापेक्षा निर्मात्यांनी जुन्या दृश्यांचा एक भाग जोडून वेळ निभावली. त्या भागावर टीका करताना एवढं लक्षात ठेवायला हवं.

'द सिम्पसन्स'ला मात्र असली कुठलीही सबब नव्हती. 1997 च्या एका भागात मुख्याध्यापक स्किनर हा तोतया असल्याचं उघड होतं, खरा स्किनर येतो, गावाला तो आवडत नाही, आणि न्यायाधीश फर्मावतो की यापुढे हा विषय कुणी काढायचा नाही. स्किनरला आवाज देणाऱ्या हॅरी शिअरर यांनीच या भागावर कडक टीका केली. त्यांची तक्रार रास्त होती. आठ वर्षं प्रेक्षकाने ज्या माणसाला ओळखलं, ज्याच्या आईशी असलेल्या नात्यावर तो हसला आणि हळहळला, तो माणूस एका विनोदापायी खोटा ठरवला गेला.

याउलट 'अवतार: द लास्ट एअरबेंडर'चा एक भाग आहे, 'द एम्बर आयलंड प्लेयर्स'. नायक मंडळी स्वतःवरचंच नाटक पाहायला जातात. जेट नक्की मेला की नाही हे नाटकातही धड कळत नाही, आणि साका ते बोलूनही दाखवतो. स्वतःच्या ढिल्या जागा अशा उघड दाखवायला हिंमत लागते. तरीही त्याच मालिकेच्या शेवटी आंगच्या पाठीवरच्या जुन्या जखमेवर नेमका एक खडक आपटतो आणि अडलेलं चक्र मोकळं होतं, ही तडजोड काही लपत नाही. शेवटी आंगच्या मदतीला येणाऱ्या सिंह-कासवाची खूण निदान दुसऱ्या पर्वातल्या ग्रंथालयात पेरलेली होती, खडकाची कुठेच नव्हती.

पेरणीचा उत्तम नमुना 'फ्युचरामा'त आहे. 1999 च्या पहिल्याच भागात नायक फ्राय खुर्चीवरून मागे कलंडून गोठणनळीत पडतो, त्या क्षणी टेबलाखाली एक छोटी सावली दिसते. ती निब्लर या छोट्या प्राण्याची होती आणि फ्रायला त्यानेच ढकललं होतं, हे मालिकेने 2003 मध्ये उलगडून दाखवलं. तोवर पहिला भाग कितीदा पाहिला असला तरी ती सावली नजरेतून निसटली असेल, पण लिहिणाऱ्यांनी ती चार वर्षं सांभाळली होती.