क्लोद लॉरँची वनदृश्ये
क्लोद लॉरँ (सु. १६००–८२) या रोमनिवासी फ्रेंच चित्रकाराने रोमच्या परिसरात हिंडून शाईने केलेली वृक्षराजीची आरेखने बरोक निसर्गचित्रणात वेगळी उठून दिसतात. कुंचल्याने तपकिरी शाईचे पातळ थर देऊन तो पर्णसंभाराची दाट छाया साकारतो व उन्हासाठी कागद कोरा सोडतो. ते ऊन पानांमागून झिरपल्यासारखे भासते. बाह्यरेषा क्वचितच आढळते. त्याच्या तैलचित्रांतील पौराणिक व्यक्ती (त्या बहुधा निमित्तमात्रच असतात) यांपैकी अनेक आरेखनांत नाहीत. उरते ती वनातील स्तब्धता. तैलचित्रांच्या बनावट नकलांना आळा बसावा म्हणून त्याने सिद्ध केलेला ‘लिबेर व्हेरितातिस’ हा आरेखनसंग्रह (ब्रिटिश म्यूझीयम, लंडन) अधिक प्रसिद्ध असला, तरी त्यातील नेटकेपणाहून या वनदृश्यांतील उत्स्फूर्तता सरस वाटते.