टॅलिलिनची आगगाडी आणि जत रोडचें स्थानक

एल्. टी. सी. रोल्ट यांचा ‘रेल्वे अ‍ॅडव्हेंचर’ हा ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध झाला. वेल्समधील सव्वादोन फुटी टॅलिलिन रेल्वे १८६५ पासून खाणींतील स्लेटचा दगड वाहत असे. १९४६ त खाण बंद पडली. १९५० त मालक सर हेनरी हेडन जोन्स वारले. त्याच वर्षीं बर्मिंगहॅमच्या सभेनें गाडीचा भार उचलला आणि १४ मे १९५१ रोजीं स्वयंसेवकांची पहिली गाडी निघाली. रोल्ट तिचे पहिले व्यवस्थापक.

ग्रंथ प्रत्यक्षदर्शीचा म्हणून मोलाचा, आणि तीच त्याची मर्यादा. बखरकार जसा आपल्या धन्याचा कैवार घेतो, तसे रोल्ट आपल्या मंडळीचा घेतात. तो वाचून गाडी केवळ उत्साहानें वांचली असा ग्रह होतो. आमच्या मतें खरें कारण मालकीहक्कांत आहे. १९४८ त ब्रिटिश रेल्वे राष्ट्राच्या झाल्या, त्यांतून ही वगळली गेली. म्हणून ती स्वयंसेवकांच्या हातीं येऊं शकली.

ताडून पाहण्यास आपल्याकडील बार्शी लाइट रेल्वे घ्यावी. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांची ही अडीच फुटी गाडी १८९७ त बार्शीस, १९०६ त पंढरपुरास, १९११ त लातुरास व १९२७ त मिरजेस पोंचली. १९५४ त ती सरकारनें घेतली आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभीं तिचा मार्ग रुंद झाला. दुष्काळी मुलखास व वारकऱ्यांस त्याचा लाभच झाला. त्याबद्दल हळहळ नाहीं. परंतु येथें उत्साही मंडळी कितीहि जमली असती, तरी त्यांच्या हातीं सोंपविण्यास खासगी मालकच नव्हता, आणि आतां ते जुने रूळहि नाहींत.

तरी एक काम उरतें. डफळ्यांच्या जत गांवीं रेल्वे नाहीं. गांवाचें नांव धारण करणारें ‘जत रोड’ स्थानक कित्येक कोस दूर मिरज-पंढरपूर मार्गावर आहे. तें नांव कां पडलें, जमीन कोणत्या शर्तींवर मिळाली, माल काय चढे, हें इंजिन सांगणार नाहीं, कागदच सांगेल. चौथऱ्यावर उभें केलेलें इंजिन सर्वांस दिसतें, पण जुनीं वेळापत्रकें, तिकिटें, पावत्या व हिशेबाच्या वह्या रद्दींत जातात. हस्तलिखितांइतकीच आस्था संग्राहकांनीं यांस दाखवावी. टॅलिलिनकरांनीं गाडी राखिली. आपण निदान तिचें दप्तर राखावें.