घराच्या आत शिरलेला कॅमेरा

मराठीत एखादा कमी बोलणारा, लहान मुलाभोवती फिरणारा, संथ चित्रपट आला की 'अगदी इराणी सिनेमासारखा' ही दाद ठरलेली असते. मीही ती अनेकदा दिली आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका फिल्म सोसायटीच्या खेळाला, घरघरणाऱ्या पंख्याखाली, अब्बास किआरोस्तामींचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम?' (१९८७) पाहिला आणि पुढचे कित्येक दिवस त्यातला अहमद डोळ्यांपुढून हलेना. शेजारी बसणाऱ्या मित्राची वही चुकून त्याच्या दप्तरात आली आहे. उद्या वहीत गृहपाठ दिसला नाही, तर मास्तर त्या मित्राला शाळेतून काढणार. आई म्हणते, आधी अभ्यास कर. आजोबा म्हणतात, माझ्या सिगारेटी आण. आणि हा पोरगा वही छातीशी धरून टेकडीवरच्या नागमोडी पायवाटेने शेजारच्या गावाकडे धावत सुटतो. ती पायवाट किआरोस्तामींनी चित्रपटासाठी मुद्दाम पाडून घेतली होती, हे पुढे वाचनात आलं. तरी ती खोटी वाटली नाही.

आज मात्र ती दाद द्यायला माझी जीभ रेटत नाही. ज्याला आपण 'इराणी' म्हणतो तो सिनेमा तिथे बराच मागे पडला आहे. आणि तो तसा का होता, हे आपण नीट विचारलंच नाही.

इस्लामी क्रांतीनंतर इराणच्या पडद्यावर बाईने डोकं झाकणं सक्तीचं झालं, अगदी स्वतःच्या घरातल्या प्रसंगातसुद्धा. नवऱ्यापुढे, मुलांपुढे, अंथरुणातही. प्रत्यक्षात कोणती इराणी बाई घरात डोक्याला रुमाल बांधून झोपते? पण पाहणारा प्रेक्षक परपुरुष ठरतो, म्हणून कॅमेऱ्यासमोर ती झोपते. स्त्री-पुरुषांनी एकमेकांना स्पर्श करायचा नाही, मग ती आई आणि तिचा मोठा झालेला मुलगा का असेनात. अशा वेळी प्रामाणिक दिग्दर्शकाने घरातलं काय दाखवायचं? मग कॅमेरा उंबऱ्याबाहेर पडला. रस्ता आला, टेकडी आली, मोटार आली. आणि मूल आलं, कारण मूल कुठल्याही घरात शिरू शकतं, कुठल्याही बाईशी बोलू शकतं. मुलांसाठीच्या 'कानून' या सरकारी संस्थेत किआरोस्तामींनी क्रांतीच्या आधीपासून चित्रपट केले होते. ती शिदोरी कामी आली. आपण जिला निरागसता म्हणून डोक्यावर घेतलं, तिच्यात खोटं न बोलण्यासाठी काढलेली वाटही होती.

मोटारीचंही तसंच. चार दारं लावली की ती खोली, काच खाली केली की रस्ता. १९९७ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळालेला 'टेस्ट ऑफ चेरी' बराचसा मोटारीतच घडतो. 'टेन' (२००२) तर पूर्णपणे, समोर लावलेल्या दोन छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांवर. त्यात एक तरुणी शेजारच्या आसनावर बसली आहे. प्रेमात ठोकर खाल्लेली. बोलता बोलता तिचा रुमाल मागे सरकतो आणि दिसतं, की तिने डोकं भादरलं आहे. केसच नाहीत, म्हणजे झाकायचं तरी काय! चालवणारी बाई तिच्याकडे मायेने बघत राहते. इतक्या वर्षांत मी पाहिलेल्या चित्रपटांतला हा एक अत्यंत धाडसी क्षण आहे, आणि त्यात कुणी आवाजसुद्धा चढवत नाही.

माजिद मजिदींबद्दल माझं मत लोकांना पटत नाही, तरी सांगतो. 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७) मलाही प्रिय आहे. भावंडांत वाटून घेतलेला तो बुटांचा एकच जोड कुणाला विसरता येईल? पण तिथली गरिबी फार गोड आहे, आणि तो गोडवा सहज उचलता येतो. हिंदीत त्यावरून 'बम बम बोले' (२०१०) झालाच. स्वतः मजिदींनी मुंबईत येऊन 'बियाँड द क्लाउड्स' (२०१७) केला, तेव्हा मला शहर दिसलं, माणसं दिसली नाहीत.

मुंबईचं आणि फारसी सिनेमाचं नातं खरं तर त्याहून फार जुनं. पुण्यात जन्मलेल्या अर्देशीर इराणींनी १९३१ साली 'आलम आरा' काढला आणि दोनच वर्षांनी, १९३३ मध्ये, त्यांच्याच इम्पीरियल कंपनीत तयार झालेला 'दुख्तर-ए-लोर' हा पहिला फारसी बोलपट तेहरानला झळकला. इराणी पडदा पहिल्यांदा बोलला तो आपल्या मुंबईत. ही गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या पोरांना ठाऊक असायला हवी.

उंबऱ्याबाहेर पडलेला कॅमेरा पुन्हा घरात नेण्याचं धाडस मोठ्या प्रमाणावर केलं ते असगर फरहादींनी. 'अ सेपरेशन' (२०११) हा गेल्या पंचवीस वर्षांतला माझा सर्वांत आवडता कौटुंबिक चित्रपट. सुरुवातीलाच नवरा-बायको सरळ आपल्याकडे तोंड करून बसतात आणि भांडतात, कारण न्यायाधीशाच्या जागी आपल्यालाच बसवलं आहे. पुढचे दोन तास आपण निवाडा करतो आणि दर दहा मिनिटांनी तो बदलतो. पण हा चित्रपट तिसऱ्यांदा पाहताना एक गोष्ट खुपली ती खुपलीच. इतक्या निर्दयपणे खरं बोलणाऱ्या या कथेत बायको, सिमिन, स्वतःच्या घरात डोक्याला रुमाल बांधून वावरते. फरहादींचा दोष नाही. त्याशिवाय चित्रपट झालाच नसता. पण या घरातली एक गोष्ट खोटी आहे, आणि ती प्रत्येक चौकटीत समोर आहे.

दूरचित्रवाणीवर तर याहून कडक पहारा, कारण प्रसारण सरकारी. लोकांना अजूनही हळवं करणारी 'दाई जान नापोलियन' ही नासेर तगवाईंची मालिका १९७६ ची, म्हणजे क्रांतीच्या आधीची. अलीकडच्या 'शहरजाद'सारख्या मालिकेने सरकारी वाहिनी टाळून घरपोच विक्रीचा मार्ग धरला, पण रुमाल तिथेही सुटला नाही.

'बंधनांमुळेच इराणी कला फुलली' हे वाक्य मी महोत्सवांतल्या चर्चांमध्ये इतक्यांदा ऐकलं आहे, की आता ते ऐकलं की राग येतो. जाफर पनाहींवर २०१० मध्ये वीस वर्षं चित्रपट न करण्याची बंदी आली. 'धिस इज नॉट अ फिल्म' (२०११) मध्ये ते स्वतःच्या दिवाणखान्यात गालिच्यावर चिकटपट्ट्या लावून न झालेल्या चित्रपटातल्या खोलीचा नकाशा आखतात. ही भिंत, ही खिडकी, इथे मुलगी बसेल. सांगता सांगता मध्येच त्यांचा आवाज तुटतो. नुसता सांगता आला असता तर चित्रपट करायचा कशाला, असा प्रश्न त्यांना पडतो. त्या चिकटपट्ट्यांकडे बघून बंधनांचे आभार मानावेत असं कुणाला वाटत असेल, तर त्याने त्या माणसाचा चेहरा पाहिलेला नाही.

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये रुमालाच्या नियमावरून पकडलेल्या महसा अमिनीचा पोलिसांच्या ताब्यात असताना मृत्यू झाला, हजारो बायकांनी रस्त्यावर रुमाल काढले आणि सिनेमाही बदलला. 'माय फेवरिट केक' (२०२४) मधली सत्तरीची महीन स्वतःच्या घरात मोकळ्या केसांनी फिरते. एका टॅक्सीवाल्याला जेवायला घरी आणते, दारूचे दोन घोट घेते, नाचते. बस, एवढंच. यासाठी दोन्ही दिग्दर्शकांचे, मरियम मोघद्दम आणि बहताश सनाइहा यांचे, पासपोर्ट जप्त झाले आणि बर्लिन महोत्सवात आपला चित्रपट पाहायला त्यांना जाता आलं नाही. चित्रपट म्हणून तो थोडा घसरतो, विशेषतः शेवटाकडे. पण आरशासमोर बसून ती बाई स्वतःला न्याहाळते तेव्हा मला चाळीस वर्षांची कोंडी फुटताना दिसली.

मोहम्मद रसूलोफ यांचा 'द सीड ऑफ द सेक्रेड फिग' (२०२४) चोरून चित्रित झाला. दिग्दर्शकाला आठ वर्षांचा तुरुंग आणि फटक्यांची शिक्षा झाली. तो डोंगर तुडवत देशाबाहेर पडला. चित्रपटात एक आई मुलीच्या मैत्रिणीच्या चेहऱ्यात घुसलेले छर्रे चिमट्याने एकेक करून काढते. नवरा सरकारी चौकशी अधिकारी, म्हणजे छर्रे मारणाऱ्यांच्याच बाजूचा. कॅमेरा जखमेपासून हलत नाही. शेवटचा पाठलाग मला लांबलेला आणि ठोकळेबाज वाटला, पण या एका प्रसंगासाठी तो चित्रपट पाहाच.

पनाहींचा 'इट वॉज जस्ट अॅन अॅक्सिडेंट' २०२५ मध्ये कानला सर्वोच्च ठरला. वहीद नावाच्या मेकॅनिकला एका गिऱ्हाइकाच्या कृत्रिम पायाची करकर ऐकू येते आणि त्याचं अंग गोठतं. तुरुंगात छळ करणारा हाच का? तो त्या माणसाला उचलतो, व्हॅनमध्ये कोंबतो, आणि मग खात्री वाटेनाशी होते म्हणून जुने कैदी एकेक गोळा करतो. मोटार पुन्हा आली, पण आता ती पळवाट नाही, फिरतं न्यायालय आहे. बायका तेहरानच्या रस्त्यांवर उघड्या डोक्याने वावरतात आणि चित्रपट त्याचा बोभाटाही करत नाही. अडचण एकच. यातल्या कुणीही त्या माणसाला पाहिलेलं नाही, कारण तुरुंगात सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी होती. एकाला आवाज आठवतो, एकीला घामाचा वास, एकाला त्या पायाचा हाताला झालेला स्पर्श. थिएटरात मीसुद्धा डोळे मिटले आणि ती करकर पुन्हा येते का, ते ऐकत बसलो.