'बेगुनाह कैदी' आणि आपले वाचन

अब्दुल वाहिद शेख यांचे 'बेगुनाह कैदी' आम्ही उर्दूतून वाचले. लेखक मुंबईतले शिक्षक. 11 जुलै 2006 च्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यात नऊ वर्षे कैदेत राहून 2015 मध्ये ते निर्दोष सुटले. दिंद्रुडमध्ये उर्दू माध्यमाची मुले शिकवणाऱ्या आम्हाला हे पुस्तक परक्याचे कसे वाटावे? स्वतः सुटलेला माणूस आत राहिलेल्यांची बाजू मांडतो, ही त्याची खरी ताकद. उरलेल्या 12 जणांना मुंबई उच्च न्यायालयाने 21 जुलै 2025 रोजी निर्दोष ठरवले. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले.

आमची तक्रार लेखकाविषयी नाही, आपल्या वाचनाविषयी आहे. मोहल्ल्यात या पुस्तकाचा विषय निघाला की एटीएस, सीबीआय, एनआयए सगळे 'पोलीस' या एका शब्दात जाऊन बसतात. आपल्या लिखाणातही बहुधा तेच होते. रेल्वे स्फोटांचा तपास राज्याच्या एटीएसने मकोकाखाली केला. त्या कायद्यात पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा ठरू शकतो. यूएपीएत ती सोय नाही. सीबीआय 1963 ची. राज्यात तपासासाठी तिला राज्याची संमती किंवा वरिष्ठ न्यायालयाचा आदेश लागतो. 26/11 नंतर 2008 च्या कायद्याने आलेल्या एनआयएला अशी संमती लागत नाही. केंद्र सरकार थेट तिच्याकडे तपास सोपवू शकते. हा फरक केवळ वकिलाच्या कामाचा नाही. मुलाला कोणी नेले, कोणत्या कायद्याखाली नेले, हे कळले तरच बापाला कोणत्या दारी जायचे ते कळते.

मालेगाव पाहा. 8 सप्टेंबर 2006, शब-ए-बरातचा दिवस. स्फोटांनंतर एटीएसने नऊ मुस्लिमांना आरोपी केले. तपास सीबीआयकडे गेला, मग 2011 मध्ये एनआयएकडे. एनआयएने 2013 मध्ये वेगळ्याच लोकांवर आरोपपत्र ठेवले आणि 2016 मध्ये विशेष न्यायालयाने पहिल्या आरोपींना दोषमुक्त केले. सगळ्या यंत्रणांना एकच चेहरा देणाऱ्या लेखकाला ही गोष्ट सांगताच येणार नाही.

दुसरी उणीव सांगताना जीभ अडखळते. आमच्याच जिल्ह्यातल्या गेवराईचा जबिउद्दीन अन्सारी 2016 मध्ये औरंगाबाद शस्त्रसाठा खटल्यात दोषी ठरला. त्याचे नाव निघाले की आम्हीही विषय बदलतो. ही चुप्पी बेगुनाहांच्याच अंगावर येते. कारण जो गुन्हेगाराला गुन्हेगार म्हणत नाही, त्याने एखाद्याला बेगुनाह म्हटले तर कोण ऐकणार?

शेख यांनी सोसलेले लिहिले. आपण निदान ते नीट वाचावे: कायद्याचे नाव, यंत्रणेचे नाव, तारीख ध्यानात ठेवून. मुलांना आम्ही उतारा असाच वाचायला शिकवतो.