नांदेड : नामव्युत्पत्ती व रूपविचार

मराठवाड्यातील गोदाकाठच्या नांदेड या नगराचे नाव ‘नंदितट’ या संस्कृत शब्दापासून आले, असे सामान्यतः सांगितले जाते. नंदीने येथील तटावर तप केले, ही आख्यायिका त्यास जोडतात. ध्वनिदृष्ट्या ही व्युत्पत्ती निर्दोष आहे. तथापि तेवढ्यावरून ती सिद्ध होत नाही.

प्राकृतात दोन स्वरांमधील ‘ट’चा ‘ड’ होतो. क, त ही व्यंजने लोप पावतात व त्यांच्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो. त्यामुळे नंदितट आणि नंदिकट या दोन्ही शब्दांपासून ‘नंदियड’ हेच रूप सिद्ध होते. देवसेनाच्या दर्शनसार (इ. स. ९३३) या जैन ग्रंथात ‘णंदियड’ हे स्थलनाम आढळते, ते नांदेडच होय, असे बहुधा मानतात. पुढे मराठीत सानुनासिक ‘अ’ दीर्घ झाला (दंत–दांत याप्रमाणे) व ‘इय’चा ‘ए’ झाला. *नांदियड हा मधला दुवा अनुमानित आहे. मूळ व्यंजन ‘त’ की ‘क’, हे मात्र आजच्या रूपावरून ठरविता येत नाही.

त्याचा निर्णय लेखाधारे होतो. वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याच्या १९३९ मध्ये सापडलेल्या वाशीम ताम्रपटात (चौथ्या शतकाचा उत्तरार्ध) ‘नान्दीकड’ असे नाव असून वा. वि. मिराशी यांनी ते नांदेडशी जुळविले आहे. उपलब्ध पुराव्यात हे रूप सर्वांत जुने असल्याने ‘कट’ हा पक्ष सबळ ठरतो. ‘नंदितट’ हे मागाहून केलेले संस्कृतीकरण असावे.

ताम्रपटातील ‘नान्दीकडस’ हे षष्ठीचे रूप आहे. मराठीतील ‘नांदेडास’ या चतुर्थीतील ‘स’ एका मतानुसार याच प्राकृत षष्ठीचा अवशेष होय. नांदेड हे नाम अकारान्त नपुंसकलिंगी असून त्याचे सामान्यरूप ‘नांदेडा–’ (नांदेडात). स्थलनाम असल्याने ‘नांदेडला’, ‘नांदेडचा’ अशी सामान्यरूपाविना होणारी रूपेच अधिक रूढ आहेत. शेजारच्या लातूरचेही असेच : लातूरला, पण लातुरात, येथे उपान्त्य ‘ऊ’ ऱ्हस्व होतो.

लातूरचे नाव राष्ट्रकूटांच्या बिरुदातील ‘लट्टलूर’ या स्थलनामाशी जोडतात. त्यातील ‘ऊर’ (गाव) हे पद द्राविडी आहे. तेव्हा या प्रदेशातील प्रत्येक ग्रामनामाचे मूळ संस्कृतातच शोधणे शास्त्रशुद्ध नव्हे. आख्यायिका लोकश्रद्धेची साक्ष देते. शब्दाच्या इतिहासासाठी प्राचीन रूपांचाच आधार घ्यावा लागतो.